उन्हाळ्यातल्या रात्रीचं जेवण

चि. ईरास,
अनेक आशीर्वाद.

तू ह्यूस्टनहून मेसेजमध्ये विचारलंस, "आई, मी दहीभात आणि काकडीची कोशिंबीर खात होते, तर रूममेट म्हणाली, बरं नाहीये का तुला? आपल्याकडे उन्हाळ्यात खरंच सगळे असं जेवतात, की आजीला सोपं पडायचं म्हणून ती करायची?" फोनवर मी नुसतं "हो गं, जेवतात" म्हणाले असते आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून सविस्तर लिहिते.

ते पुरतं जेवण आहे आणि आजारपणाशी त्याचा काही संबंध नाही. दहीभात आपण आजाऱ्यालाही देतो, कारण तो पचायला हलका असतो. पण उन्हाळ्यात धडधाकट माणसंही तोच खातात, कारण रात्री पोटाला जड काही नकोच असतं. आणि सोपं म्हणशील, तर ताटात येईपर्यंतच ते सोपं दिसतं. त्यामागची मेहनत सकाळीच उरकलेली असते, काही तर दोन महिने आधी.

माझं माहेर नागपूरचं. मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो, त्या नऊ दिवसांत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. अशा घरात संध्याकाळी सात वाजता पोळ्या लाटायला उभं राहणं म्हणजे जिवावर येतं. म्हणून तुझ्या आजीचा गॅस सकाळी दहाच्या आत बंद व्हायचा. वरण, भात, भाकरी, कैरी उकडणं, सगळं त्याआधी. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून झालं की गॅस पेटायचा तो फक्त फोडणीपुरता. एवढं लक्षात ठेवलंस तर उन्हाळ्याचा सगळा स्वयंपाक तुझ्या हाती आला: शिजवायचं ते सकाळी, संध्याकाळी फक्त कालवायचं आणि वरून फोडणी घालायची.

नागपूरच्या ताटात रात्री ज्वारीची भाकरी असायची, सोबत दही, कच्चा कांदा, जवसाची चटणी आणि टक्कू. टक्कू तू लहानपणी खाल्लायस, पण केला नाहीस कधी. कैरी आणि कांदा सारख्याच मापाने किसायचे, त्यात गूळ, तिखट, मीठ घालायचं आणि मोहरी, मेथीदाणे, हिंग यांची फोडणी गार करून ओतायची. तासाभरात गूळ विरघळतो आणि सगळं एकजीव होतं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतं. कैरीसाठी देशी दुकानापर्यंत जायचीही गरज नाही, मेक्सिकन दुकानात हिरवे, टणक आंबे मिळतात. ती मंडळीही ते तिखट-मीठ आणि लिंबू लावून खातात. फक्त दाबून बघ, जरा जरी मऊ लागला तरी तो गोड निघेल आणि टक्कू बिघडेल.

बाबांकडचं तंत्र वेगळं, कारण तिथलं ऊनच वेगळं. रत्नागिरीत पारा नागपूरइतका चढत नाही, पण हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. भूक मरते ती त्यामुळे. आम्ही राहतो ते अमेरिकेतलं फिनिक्स म्हणजे माझं नागपूर. इथे २०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर जात होता, पण ती हवा कोरडी. तुझं ह्यूस्टन मात्र थेट बाबांचं कोकण आहे. म्हणून तुला माझ्या माहेरच्यापेक्षा त्यांच्या घरचे पदार्थ जास्त उपयोगी पडतील, हे मी अगदी मनापासून सांगते.

त्यातले पहिले दडपे पोहे. त्यांना गॅस लागतो तो निव्वळ फोडणीला. दोन वाट्या पातळ पोहे घे. धुऊ नकोस; पातळ पोहे पाण्याखाली धरले की लगदा होतो. त्यात अर्धी-पाऊण वाटी ओलं खोबरं (फ्रोझन खवलेला नारळ चालतो, आधी बाहेर काढून ठेव), बारीक चिरलेला कांदा, बारीक चिरलेली काकडी, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घाल. हाताने हलकेच कालव. कोरडं वाटलं तर नारळपाण्याचा हबका मार, नुसता हबका, ओतू नकोस. मग वर ताटली पालथी घालून तिच्यावर काहीतरी जड ठेव, तुझा तो ग्रॅनाइटचा खलबत्ता चालेल. पंधरा-वीस मिनिटांत कांदा-काकडीच्या आणि खोबऱ्याच्या ओलाव्याने पोहे मऊ होतात, तरी मोकळे राहतात. मग मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी. पोह्याचा पापड भाजून वरून चुरलास तर उत्तम, उडदाचाही चालतो. हे एवढं खाऊन वर वाटीभर ताक घेतलंस की रात्रीचं जेवण झालं.

दुसरी सोलकढी. दहा-बारा आमसुलं वाटीभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची, कुस्करून गाळून घ्यायची. त्यात नारळाचं दूध, ठेचलेला लसूण, मिरची, मीठ, कोथिंबीर. डब्यातलं नारळाचं दूध दाट असतं, त्यात बरोबरीचं पाणी घाल. सोलकढी उकळायची नाही, गार करून प्यायची किंवा भातावर घ्यायची. नुसता गरम भात आणि गार सोलकढी एवढ्यावरसुद्धा बाबा समाधानाने उठतात.

आता तुझा दहीभात. फोटोत तो कोरडा आणि गोळ्यागोळ्यांचा दिसला, म्हणून नीट सांगते. वाटीभर तांदळाला तीन वाट्या पाणी घालून मऊ भात कर आणि गरम असतानाच डावाच्या पाठीने घोट. गार झाल्यावर घोटायला गेलीस तर शितं तुटतात, मिळून येत नाहीत. कोमट झाला की दीड वाटी दूध आणि फक्त दोन चमचे दही घाल. सगळं दहीच घातलं तर रात्रीपर्यंत तो आंबट ढाण होतो. दूध घातलं की दही हळूहळू लागतं आणि भात मऊसूत राहतो. गरम भातात दही घालू नकोस, चोथापाणी होतं. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, किसलेलं आलं आणि सांडगी मिरची. मिरची तेलात काळपट होईपर्यंत तळायची आणि खाताना भातात चुरायची, खरी चव तिथे आहे. तिकडचं ग्रीक योगर्ट फार घट्ट असतं, साधं फुल फॅट आण.

भात सकाळी करून बाहेर ठेवून जाऊ नकोस. कोमट झाला की फ्रिजमध्ये. ह्यूस्टनच्या उकाड्यात शिजलेला भात दोन तासांवर बाहेर राहिला तर पोट बिघडवतो. इथे तुला आजीपेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी, कारण तू संध्याकाळी सहाशिवाय घरी येत नाहीस.

कोशिंबिरीबद्दल एकच: काकडी किसू नकोस, चोचव. ताटात उभी धरून सुरीने बारीक चिरा देत जायचं आणि मग तुकडे पाडायचे, म्हणजे तिचा करकरीतपणा राहतो. दाण्याचं कूट, लिंबू, साखर, फोडणी आधी. मीठ अगदी ताटावर बसताना, नाहीतर काकडी सगळं पाणी सोडते. मुठभर मुगाची डाळ सकाळी भिजत घालून गेलीस तर संध्याकाळी निथळून तीही यातच घाल. पोट भरतं आणि प्रथिनंही मिळतात. "यात प्रोटीन कुठे आहे?" हे तू विचारणार हे मला माहीत आहे.

दोन महिने आधीच्या मेहनतीचं म्हटलं, ती म्हणजे वाळवणं. सांडगी मिरच्या, कुरडया, पापड, ताकातले सांडगे, हे सगळं ऊन कडक असतं तेव्हाच गच्चीवर घातलं जातं आणि वर्षभर पुरतं. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे मदतीला जायच्या, आम्हा मुलांना कावळे हाकायला बसवायच्या, आणि ओल्या पापडांच्या लाट्या खायला मिळायच्या. ज्या उन्हाने स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, तेच ऊन असं डब्यांत भरून ठेवायची ही रीत मला आपल्या लोकांच्या सगळ्या रीतींत फार मोलाची वाटते. एका मिरचीने दहीभाताचं जेवण होतं ते त्या बायकांमुळे.

आमरसाचं विचारशीलच. भारतातला हापूस इथे अधिकृतपणे यायला लागला २००७ मध्ये, लासलगावला विकिरण करून. पेटी अजूनही महाग पडते, म्हणून तू डब्यातला रसच आण. पण तो सुट्टीच्या दिवशी दुपारी पोळीबरोबर घे. रात्री रस खाऊन झोपलं की अंग जड होतं, असं माझं ठाम मत आहे, बाबा काहीही म्हणोत.

पन्हं मात्र रोज घे. उकडलेल्या कैरीचा गर, त्याच्या दीडपट गूळ, मीठ, वेलची, असं मिसळून बाटलीत भरून ठेव आणि संध्याकाळी दोन चमचे गार पाण्यात ढवळ. घामावाटे मीठ आणि पाणी गेलेलं असतं, ते यातून परत मिळतं. ऊन लागू नये म्हणून आजी आमच्या खिशात कांदा ठेवायची. तू कांदा ताटात घे, खिशात ही बाटली ठेव.

रूममेटलाही एक दिवस दडपे पोहे करून घाल. तिच्यासाठी मिरची कमी टाक आणि शेंगदाण्यांची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचार.

शुक्रवारी पार्सल टाकते आहे. त्यात सांडगी मिरच्या, मेतकूट आणि आमसुलं आहेत. मिरच्या काचेच्या बरणीत काढ आणि झाकण घट्ट लाव, तिकडच्या दमट हवेत त्या दोन दिवसांत मऊ पडतात. मऊ पडल्याच तर मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेव, पण सकाळी.

तुझी,
आई