पोकलेनच्या ब्रेकरची छिन्नी सारखी का तुटते?

काळ्या पाषाणात ब्रेकरची, म्हणजे पोकलेनला जोडलेल्या दगड फोडायच्या हातोड्याची, छिन्नी सारखी तुटतेय म्हणताय, तर आधी ऑपरेटर एकाच जागी किती वेळ ठोकतो ते बघा, १५ ते ३० सेकंदात दगड नाही फुटला तर जागा बदलायची आणि कडेकडून फोडत आत यायचं, नाहीतर टोक तापून मऊ पडतं. छिन्नी दगडाला काटकोनातच लावा. दगड फुटला की लगेच पेडल सोडा, खाली दगड नसताना मारलेला रिकामा ठोका थेट ब्रेकरच्या बोल्टवर आणि पिनवर बसतो. आणि छिन्नीने दगड उचकटणं तर अजिबात नको, तुटायचं मोठं कारण तेच असतं! ग्रीस दर दोन तासांनी, छिन्नी जमिनीवर दाबून धरूनच मारा, लटकत ठेवून मारलं तर ग्रीस छिन्नीवर ठोके देणाऱ्या पिस्टनखाली जातं आणि सील (तेल अडवणाऱ्या रिंगा) खराब होतात.