सिनेमातला पाऊस हिरोवरच कामून पडतो? डायरेक्टर येडा असतो का?

प्रश्न उदगीरकडचा आहे, थोडक्यात असा: "हिरोच्या अंगावर धो धो पाऊस, मागच्या डोंगरावर कडक ऊन. अमावस्येची रात्र, तरी हिरोईनचं तोंड निळंशार दिसतंय. टांगा पुढं पळतोय अन् चाक मागं फिरतंय. एका बुक्कीत माणूस दहा फूट उडतोय. डायरेक्टरला हे दिसत नाही का? अन् ते 'ढिशूम' नेमकं कुणाला मारल्यावर वाजतं?"

दिसतं की. पण त्याला पाण्याचा हिशोब त्याहून जास्त दिसतो, म्हणून आधी पाऊसच घेऊ.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नाचायला 10 बाय 10 मीटरचं अंगण धरा आणि तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरा, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत ढगफुटी. झाले 10,000 लिटर, एक मोठा टँकर. हे फक्त एका तासाचं, आणि गाणं काही तासात उरकत नाही. शिवाय वाऱ्यानं पाणी फ्रेमच्या बाहेर जातं ते वेगळंच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या 10 डब्यांत 5 लाख लिटर पाणी होतं. त्या अख्ख्या गाडीत आपल्या अंगणावर 50 तास पाऊस पडला असता. आता मागच्या डोंगरावरही पाडायचा म्हटलं तर किती गाड्या लागतील ते तुम्हीच मांडा.

ऊन मात्र चुकून राहिलेलं नसतं, ते मुद्दाम मागं घेतलेलं असतं. समोरून उजेड असला की थेंब कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. रिमझिम पावसात मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा, माणसं उगाच छत्र्या घेऊन फिरताहेत असं वाटेल. थेंब चमकायला उजेड त्यांच्या मागून यावा लागतो आणि मागची पार्श्वभूमी गडद लागते. बऱ्यापैकी मोठा थेंब सेकंदाला सात-आठ मीटर वेगानं पडतो. एका फ्रेमसाठी, म्हणजे एका चित्रासाठी, कॅमेरा साधारण 1/48 सेकंद उघडा राहतो, तेवढ्यात थेंबाची पंधरा-सोळा सेंटिमीटरची रेघ उमटते. ती रेघ म्हणजेच सिनेमातला पाऊस. पांढऱ्या आभाळापुढं ती दिसत नाही. चिंचेच्या झाडापुढं किंवा भिजलेल्या काळ्या दगडी भिंतीपुढं झकास दिसते.

गावातली पोरं वेबसिरीज काढतात, त्यांच्यासाठी थोडं खोलात सांगतो. फवारणीच्या पंपानं पाऊस करू नका. थेंब इतके बारीक पडतात की पडद्यावर धुकं दिसतं. शेतातला तुषार संच चालतो, पण जमिनीवर जसा मांडता तसा नाही. तो पाणी आडवं फेकतो, त्यामुळं हिरोला पाऊस कानात मारल्यासारखा लागतो, वर त्याची टक-टक प्रत्येक संवादात रेकॉर्ड होते. त्यापेक्षा पाइप वीस फूट उंच बांबूला बांधा आणि तोंड आभाळाकडं ठेवा. पाणी वर जाऊन दम तुटल्यावर सरळ खाली येतं. मोटारीचा दाब जास्त झाला तर परत धुकं, म्हणून व्हॉल्व्ह थोडा दाबून ठेवा. पहिल्या टेकच्या आधी जमीन, भिंत, केस सगळं बादलीनं भिजवून घ्या. धो धो पाऊस पडतोय आणि हिरोच्या पायाखाली फुफाटा उडतोय, ही चूक मात्र मी आळसाच्या खात्यावर मांडतो. लाइटची वायर जमिनीवर नको, जोड विटांवर उचलून प्लास्टिकनं गुंडाळा आणि बोर्डाला गळती झाल्यावर पडणारा ब्रेकर असल्याशिवाय पाणी सोडूच नका.

निळी अमावस्या बहुतेक वेळा दुपारी शूट झालेली असते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेड, दोनेक स्टॉप खाली आणायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते, बल्बच्या उजेडावर, म्हणजे 3200 केल्विनवर ठेवायचा, की उन्हाचा उजेड आपोआप निळा पडतो. सूर्य नटाच्या मागं घेतला की तोच चंद्र. फक्त फ्रेममध्ये आभाळ येऊ द्यायचं नाही आणि डोक्यावरचं ऊन टाळायचं, नाहीतर पायाशी आखूड काळी सावली पडते आणि बिंग फुटतं. पकडायचं असेल तर घराची खिडकी बघा. आत दिवा लावलेला असला तरी उन्हापुढं तो मेलेला दिसतो. वेळा अमावस्येला भज्जी-आंबील खाऊन उशिरा शेतातून परतलेल्याला विचारा, खऱ्या अमावस्येत शेजारच्या माणसाचं नाकसुद्धा दिसत नाही. तेवढं खरं दाखवलं तर तिकीट कशाला काढायचं?

चाकाचं गणित मला यातलं सगळ्यात आवडतं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रं घेतो. टांग्याच्या चाकाला 12 आरे आहेत आणि चाक सेकंदाला बरोबर दोन फेरे घेतं असं धरा. मग प्रत्येक चित्रात मागचा आरा पुढच्याच्या जागेवर आलेला असतो. सगळे आरे सारखेच, त्यामुळं डोळ्याला वाटतं चाक हललंच नाही. चार फुटी चाकाला हा वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर बसतो. टांगा पंचविसावर आला की आरा त्या जागेच्या किंचित अलीकडं राहतो आणि चाक हळूहळू मागं फिरताना दिसतं. तिशीवर गेला की हळूहळू पुढं. डायरेक्टर बिचारा यात निर्दोष. उपाय एका चिंधीचा: एकाच आऱ्याला लाल फडकं बांधा. डोळा त्या फडक्याला धरतो आणि चाक सरळ फिरतं. मोबाइलवर सेकंदाला 30 चित्रं असतील तर वेगाचे आकडे तेवढे बदलतील.

उडणाऱ्या माणसाच्या अंगात कपड्याखाली पट्टे असतात. त्यांना तार अडकवलेली असते आणि बुक्कीच्या क्षणी फायटर लोक ती ओढतात. खाली जाड गादी, ती फ्रेमबाहेर. बुक्कीच्या जोरानं समोरचा खरंच दहा फूट मागं गेला असता, तर मारणाराही तेवढ्याच धक्क्यानं मागं फेकला गेला असता. साधी बुक्की तर तोंडापासून वीतभर लांबूनच जाते. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागं आणि लेन्स लांबची ठेवली की ते अंतर दिसत नाही. बाजूनं घेतलं की सगळी पोकळी उघडी पडते. दुसरी नेहमीची चूक वेळेची. मार खाणारा नट घाईचा असला तर मूठ यायच्या आधीच मान फिरवतो, आणि फिरवताना कधी मुठीकडंच फिरवतो. मूठ ज्या दिशेला चाललीय, मानही त्याच दिशेला वळायला हवी.

राहिलं ढिशूम. त्यासाठी कुणालाच मारत नाहीत. आवाज नंतर बंद खोलीत करतात. कोबीचा गड्डा, जाड ओलं फडकं, चामडी पिशवी, ज्याचा आवाज बसेल ते ठोकायचं आणि दोन-तीन आवाज एकावर एक चढवायचे. घरी करायचं असेल तर ओला टॉवेल चौपदरी करून पाटावर आपटा, मोबाइल वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा, नाहीतर हवेचा फटका माइकवर बसून नुसता भप्प आवाज येतो. मान ज्या चित्रात वळायला लागते, त्याच चित्रावर हा आवाज बसवा. टांग्याच्या घोड्यासाठी नारळाच्या दोन करवंट्या पुरतात. मातीचा रस्ता असेल तर त्या वाळूच्या घमेल्यात आपटा.