एम-२० स्लॅबचे क्यूब सातव्या दिवशी १२.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला फुटले; स्लॅब कच्चा समजायचा का?

आपण लिहिले आहे की इंदूरला बिचोली मर्दानाकडे चाललेल्या बांधकामात पहिल्या स्लॅबसाठी एम-२० काँक्रीट (२८ व्या दिवशी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे) ठरले होते, त्याच मालाचे सहा क्यूब, म्हणजे परीक्षेसाठीचे चौकोनी ठोकळे, भरले होते, त्यांतले तीन सातव्या दिवशी ३०६, २९० आणि २६८ किलोन्यूटन भाराला फुटले, आणि उरलेल्या तिघांचा २८ दिवसांचा अहवाल ठेकेदार स्वतः आणून देणार आहे. स्लॅब आजच कच्चा ठरवावा असे या आकड्यांत काही नाही. मला खटकते ते ठेकेदाराचे आश्वासन.

१५० मिलिमीटरच्या क्यूबची दाबाखालची बाजू २२,५०० चौरस मिलिमीटर भरते. त्या हिशेबाने ताकद १३.६, १२.९ आणि ११.९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे सरासरी १२.८ येते. तिघांपैकी एकही सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर नाही, त्यामुळे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे हा नमुना ग्राह्य आहे. साध्या सिमेंटचे काँक्रीट सातव्या दिवशी सुमारे दोन-तृतीयांश ताकद गाठते, तेव्हा २० साठी १३ च्या आसपास आकडा ठीक वाटेल. पण मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचे प्रमाण, कधीच नेमके २० धरून करत नाहीत. एम-२० साठी लक्ष्य साधारण २६.६ चे असते आणि त्या मानाने सातव्या दिवशी १७ च्या पुढे जायला हवे होते. सिमेंट पीपीसी (फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, मिसळलेले) असेल, आणि घरबांधणीत बहुधा तेच असते, तर त्या राखेमुळे सुरुवातीची वाढ मंद राहते. थोडक्यात, आकडा काठावरचा आहे आणि निर्णय २८ व्या दिवसाचाच.

म्हणून उरलेले तीन क्यूब या क्षणी कुठे आहेत, हे आजच जाऊन पाहा. साच्यातून काढल्यापासून परीक्षेपर्यंत ते २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडलेले असले पाहिजेत. सिमेंटच्या गोण्यांशेजारी उन्हात पडलेले असतील तर त्यांच्या आकड्याला अर्थ उरणार नाही. त्यांच्यावर तारीख आणि आपली सही नसेल, तर अठ्ठाविसाव्या दिवशी फुटणारे क्यूब आपल्याच स्लॅबचे आहेत हे कोण सांगणार? मूठभर सिमेंट जास्त घालून वेगळे क्यूब भरून ठेवणारे लोकही या व्यवसायात आहेत. इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया या अभियांत्रिकी संस्थेत किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ते स्वतः घेऊन जा आणि मशीनजवळ उभे राहा. क्यूब ओला असतानाच ठेवला जावा, थापीने सपाट केलेली बाजू वर किंवा खाली न येता कडेला यावी, आणि भार मिनिटाला सुमारे १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या वेगाने चढावा; म्हणजे २० पर्यंत पोचायला जवळजवळ दीड मिनिट लागते. झटक्यात चढवलेला भार आकडा फुगवतो. नीट फुटलेल्या क्यूबच्या चारही बाजू सुटून मध्ये डमरूसारखा आकार उरतो. एकच कोपरा तुटून पडला असेल तर क्यूब वाकडा होता किंवा मधोमध बसवलेला नव्हता.

हे सगळे चोख झाले तरी क्यूब फक्त मिक्सरमधून निघालेल्या मालाबद्दल बोलतो. क्यूब भरून झाल्यावर मिस्त्रीने माल पसरायला सोपा जावा म्हणून पाणी वाढवले, व्हायब्रेटर कोपऱ्यांत फिरलाच नाही किंवा मे महिन्यात स्लॅब दोन दिवस कोरडा राहिला, तर अहवालाला त्याचा पत्ता लागत नाही. पुढच्या स्लॅबला नमुना जिथे माल ओतला जातो तिथूनच घ्यायला सांगा. उष्ण कोरड्या हवेत पीपीसीच्या काँक्रीटला १४ दिवस पाणी द्यायचे असते, तेव्हा स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेले असू द्या. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू एरवी सात दिवसांनी काढता येतात, पण आपल्या आकड्यावर मी २८ दिवसांचा अहवाल येईपर्यंत ते हलवू देणार नाही.

तो अहवालही कमी आला तर ठेकेदार बहुधा हॅमर टेस्ट, म्हणजे पृष्ठभागावर हातोडी आपटून ती किती उसळते ते पाहणारी चाचणी, सुचवेल. तिच्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो; स्लॅबचा कोणता भाग इतरांपेक्षा कमजोर आहे, एवढे शोधायला ती उपयोगी आहे. निकाल कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापून काढलेले गोल तुकडे, काढूनच लागतो. किमान तीन कोअर घ्यावे लागतात आणि त्यांची क्यूबच्या मानाने काढलेली सरासरी १७ च्या खाली किंवा एखादा कोअर १५ च्या खाली नसावा. सळ्या कापल्या जाऊ नयेत म्हणून कोअरच्या जागा आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच आखून द्याव्यात आणि छिद्रे न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्यावीत.