गल्लीतलं घर भाड्यानं घेताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नोकरी पक्की झाली, ऑफिस किर्लोस्कर रोडला, आणि रोज खानापूरहून ये-जा करण्यापेक्षा बेळगावातच राहायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तू तीन जागा बघून आलीस: रामतीर्थनगरातला नवा फ्लॅट, शहापुरातली एक खोली आणि रामदेव गल्लीजवळच्या बोळातली जुन्या घराची माडी. फ्लॅटचं आणि माडीचं भाडं जवळपास सारखंच, मग पडक्या माडीत कशाला राहायचं, असं तुझे बाबा म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. तरी मी माझं मत आधीच सांगून टाकते. माडी घे, पण कागद नीट केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस.

भाड्याचा आकडा एकटा बघू नये, पायाचा हिशेबही त्यात धरावा. त्या माडीवरून तुझं ऑफिस चालत दहा मिनिटांवर. भाजी गणपत गल्लीत, किराणा कोपऱ्यावर, शिंपी, चप्पल शिवणारा, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, सगळं हाकेच्या अंतरावर. रविवारी खानापूरला जायचं झालं तर रेल्वे स्टेशनही चालत गाठता येतं. रामतीर्थनगरात राहिलीस तर साधी कोथिंबीर संपली तरी स्कूटरची किल्ली शोधावी लागेल. स्कूटरचा हप्ता, पेट्रोल, पावसाळ्यात रिक्षा, आणि रोजचा जाण्यायेण्याचा तास, हे सगळं फ्लॅटच्या भाड्यात मिळवून बाबांना दाखव. मग 'सारखंच भाडं' हे शब्द ते पुन्हा काढणार नाहीत.

या गल्ल्या अशा जवळजवळ का, हेही तुला कळलं पाहिजे, म्हणजे तिथं राहायचं कसं हे आपोआप उमजेल. पूर्वेला किल्ला, त्याच्या पश्चिमेला पेठा. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली, म्हणजे वस्ती किती जुनी याचा अंदाज येतो. काकतीवेस, भोगारवेस ही नावं आजही वेशी सांगतात. वाहन म्हणजे बैलगाडी, आणि तीही मोजक्या लोकांची, अशा काळात ही घरं एकमेकांना भिंती लावून उभी राहिली. खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाड, मागं परसू आणि आड. पुढं १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, त्यांचंच नाव तुझ्या ऑफिसच्या रस्त्याला आहे. तिथं आज दुचाकी लावायला जागा मिळत नाही. माडीखालीही मिळणार नाही. स्कूटर घ्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड.

शहापूरची खोलीही वाईट नाही. शहापूर मुळात वेगळं गाव, सांगली संस्थानच्या पटवर्धनांचं. बेळगाव इंग्रजांकडे आणि शहापूर संस्थानात, म्हणून दोन्हीकडे स्वतंत्र बाजारपेठा वाढल्या. खडेबाजार इथंही आहे आणि तिथंही. त्यामुळं शहापुरात राहिलीस तरी रोजच्या गरजा पायी भागतील. फक्त ऑफिसला येताना कपिलेश्वराच्या पुलावरून रेल्वे ओलांडून यावं लागेल. शहापूर-वडगाव-खासबाग हा विणकरांचा पट्टा. शेजारच्या घरात यंत्रमाग असेल तर त्याची खडखड दिवसभर कानात राहते. खोली दुपारी बारा वाजता बघ, माग चालू असताना. संध्याकाळी बघून शांत वाटेल आणि मग फसशील. माझा कल माडीकडे आहे तो केवळ ऑफिसच्या अंतरामुळं.

आता माडी कशी बघायची ते सांगते. तू फाल्गुनात बघून आलीस. फाल्गुनात बेळगावचं कुठलंही घर छानच दिसतं. इथला पाऊस जूनमध्ये सुरू झाला की भाद्रपदापर्यंत पाठ सोडत नाही, तेव्हा घराचं खरं रूप कळतं. पाऊस पडायची वाट बघत बसू शकत नाहीस, म्हणून खुणा वाच. तुळयांवर काळे ओघळ आहेत का? भिंतीचा खालचा हातभर भाग पोपडे सुटलेला आहे का? नुकताच रंग फक्त एकाच कोपऱ्यात दिलाय का? मंगळुरी कौलांखाली छत मारलंय की नुसत्या रिपा आहेत? कौलं शेवटची कधी चाळली हे मालकिणीला विचार, आणि मग तळमजल्यावरच्या भाडेकरूलाही वेगळं विचार. दोन उत्तरं जुळली तर ठीक.

जिना लाकडी आणि उभा असणार. हातात पाण्याची घागर आहे असं समजून एकदा चढून बघ. संडास खाली परसात सामाईक असेल तर रात्री तिथपर्यंत दिवा आहे का, परसाच्या दाराला आतून कडी आहे का, हे बघितल्याशिवाय होकार देऊ नकोस. एकट्या मुलीनं हे विचारायला लाजायचं कारण नाही. वायरिंग जुनं असेल तर गिझर लावू देतील का, आणि लावला तर ती तार तेवढा भार घेईल का, हे एखाद्या वायरमनला दाखवून घे. त्याचे दोनशे-तीनशे रुपये गेले तरी चालतील.

विजेचं मीटर स्वतंत्र आहे की नाही, हा प्रश्न आता फार महत्त्वाचा झालाय. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला २०० युनिटपर्यंतची वीज फुकट मिळते, भाडेकरूलाही मिळते. पण ती घराच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरूनच, आणि २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. वरखाली मिळून एकच मीटर असेल तर दोन बिऱ्हाडांत २०० सहज ओलांडतात आणि मग कुणी किती भरायचं यावरून तोंडं वाकडी होतात. स्वतंत्र मीटर असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलावरचा आर.आर. नंबर (मीटरचा ग्राहक क्रमांक) टिपून घे, तुझं आधार आणि भाडेकरार देऊन नोंद करता येते. पाण्याचंही तसंच. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी शहराला येतं, पण सगळ्या भागांत सारखं येत नाही. त्या बोळात किती दिवसांआड येतं, टाकी कुणाची, पंप कोण लावतं, हे विचार. मागच्या आडाला पाणी असेल तर ती मोठी सोय समज.

आता कागद. तुझी मालकीणबाई म्हणाली ना, 'आमच्यात कागदबिगद काही नसतं, तोंडी विश्वासावर चालतं'? ती मनानं चांगली असेल. पण ती असं का म्हणते, त्याच्या मागं मोठा इतिहास आहे. कर्नाटकाच्या १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली आणि भाडेकरू सहजी निघेनासे झाले. नाममात्र भाड्यात लोक पिढ्यान् पिढ्या राहिले, मालकाला कौलं चाळायचाही खर्च त्या भाड्यातून निघेना. म्हणून किती घरं पडली, किती मालकांनी कुलपं लावली. आजही जुन्या मालकांच्या मनात ती धास्ती आहे की कागद केला की भाडेकरू हक्क सांगेल. आता १९९९ चा भाडे कायदा आहे, आणि महिना ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या घरांना तो लागूच होत नाही. म्हणजे तुझ्या माडीच्या बाबतीत तुमच्या दोघींमधला करार हाच मुख्य आधार. बाकी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर त्यानुसार महिन्याच्या भाडेकरूला फक्त पंधरा दिवसांच्या नोटिशीवर घर सोडायला सांगता येतं. पंधरा दिवसांत तू नवं घर कुठं शोधशील? म्हणून नोटीस दोन महिन्यांची, दोन्ही बाजूंनी, असं लिहून घे. मालकिणीला हे असं समजावून सांग: कागदामुळं तिचंही घर तिच्याच नावावर भक्कम राहतं.

अकरा महिन्यांचा करार सगळे करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो. अकरा महिने चालतील, पण नूतनीकरणाला भाडं किती वाढेल हे आकड्यात लिही. कौलं चाळणं, गळती, भिंत, जिना ही दुरुस्ती मालकाची, असं स्पष्ट शब्दांत घाल. कायदा असं म्हणतो की मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती त्यानं सांगूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण आधी ती दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे हे दिसलं पाहिजे. ते एक वाक्य करारात असलं म्हणजे आषाढात तुझी गादी भिजणार नाही.

घर खरंच त्या बाईंचं आहे का, तेही बघ. जुन्या घरांत भाऊबंदकी असते, एक भाऊ पुण्यात, एक गोव्यात, आणि इथं राहणारा तिसरा भाडं घेतो. पुढं वाटणीचा दावा लागला की भाडेकरू मधल्यामध्ये लोंबकळतो. घरपट्टीची पावती आणि सिटी सर्व्हेचा उतारा मागायला काहीच हरकत नाही. अनामत रक्कम बँकेतूनच दे आणि किती दिवसांत परत मिळेल ते लिहून घे. कुणी 'लीजवर' घे म्हणालं, म्हणजे पाच-सहा लाख एकदम द्यायचे आणि भाडं शून्य, तर सरळ नाही म्हण. घर गहाण असेल किंवा विकलं गेलं तर तुझे पैसे अडकतात. घरची शेती विकून आलेले पैसे कुणी असे अडकवू नयेत.

करार कानडीत असेल, इथं तो बहुधा कानडीत किंवा इंग्रजीत असतो. न वाचता सही करू नकोस. कानडी वाचणाऱ्या भरवशाच्या माणसाकडून ओळ न् ओळ समजून घे, आणि हळूहळू स्वतःही कानडी वाचायला शीक. सीमाभागात आपल्या मराठीसाठी आपण उभे राहतो, आणि राहिलंच पाहिजे. पण शेजारच्या कानडी बाईशी चार शब्द तिच्या भाषेत बोललीस तर तुझी मराठी उणी होत नाही. दवाखान्यात मध्यरात्री तुझ्यासोबत तीच येईल.

दारात तुला जात विचारतील, मटण-मासे खाता का विचारतील. काही जण आडून विचारतील. खोटं सांगू नकोस. खरं सांगून घर नाकारलं गेलं तर ते घर तुझ्यासाठी नव्हतंच. लपवून राहिलेली मुलगी वर्षभर खिडक्या बंद करून स्वयंपाक करते, ते मला तुझ्यासाठी नको आहे.

गल्लीत गेल्यावर सगळे तुझ्याकडं बघतील, किती वाजता आलीस, कोण भेटायला आलं. सुरुवातीला जड जाईल. आपण होऊन ओळख करून दे, समोरच्या आज्जींना, किराणावाल्याला, तालमीतल्या पोरांना. गणेशोत्सवाची वर्गणी जमेल तेवढी दे आणि पावती घे. इथला सार्वजनिक गणपती १९०५ पासूनचा, टिळकांच्या प्रेरणेनं सुरू झालेला, आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ निघतात. त्या रात्री झोप होणार नाही. ऑफिसात दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेव, आणि माडीच्या खिडकीत मैत्रिणींना बोलाव. ज्यांना मिरवणूक सहन होत नाही त्यांनी या गल्ल्यांत घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आवाजानं भिंती हादरायला लागल्या आणि घरात आजारी माणूस असेल, तर मंडळाच्या कार्यकर्त्यांना जाऊन नीट सांगावं. ओळख असेल तर ऐकतात.

वाचनाची आवड तू सोडली नसशील अशी आशा आहे. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, पहिल्या पगारातून सभासद हो.

मला या गल्ल्यांची काळजी वाटते म्हणूनही तुला आग्रह करते आहे. रस्ते रुंद करताना कित्येक घरांच्या ओसऱ्या गेल्या. माड्यांवर आता बिऱ्हाडांऐवजी कापडांचे गठ्ठे आणि खोकी दिसतात. रात्री नऊनंतर काही बोळांत एकही खिडकी उजळलेली नसते. माणसं राहिली तर कोपऱ्यावरचा किराणा राहील, गिरणी राहील, भाजीवाल्या बायका खेड्यांतून येत राहतील. तुझ्यासारखी पगारदार, वेळेवर भाडं देणारी मुलगी आली की मालकालाही कौलं चाळावीशी वाटतात.

टोकन देऊ नकोस. आधी कराराचा मसुदा मला मोबाईलवर पाठव, आणि येत्या रविवारी बाबांना घेऊन ये. आपण तिघं मिळून माडी पुन्हा एकदा बघू, जिना मी चढेन. जेवायला माझ्याकडंच या, बाबांना भाकरी चालते ना ते कळव.

तुझी,
बाई