वीस पानांचं काय झालं?

प्रिय मुली,

तुझा मध्यरात्रीचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. एम.ए.नंतर काय करू, या एका प्रश्नात प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, म्हणजे देशाची नेट आणि राज्याची सेट, शिवाय बी.एड., पीएच.डी., परदेश आणि मामांची एमपीएससी, सगळं एका दमात. एम.ए. इंग्लिशला तू सध्या काय वाचतेस, काय लिहितेस, याचा मात्र त्यात एक शब्द नाही. म्हणून जरा चिडूनच लिहायला बसले आहे.

चौथी सेम संपेल तेव्हा तुझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली, इंग्रजीत लिहिलेली वीस पानं तुझ्याकडे हवीत. वीसच, पण कुणालाही न लाजता दाखवता येतील अशी. पुढे कुठे जायचं ते त्यानंतर ठरव.

मॅडमचं नेहमीचं तुणतुणं, म्हणशील. मग हिशेबच बघ. नेटचे दोन्ही पेपर मिळून दीडशे प्रश्न, तीनशे मार्क, तीन तास, आणि सगळं ऑब्जेक्टिव्ह. एक वाक्य लिहावं लागत नाही. म्हणून पोरं दोन वर्षं कोण कुठल्या साली जन्मला ते घोकतात. २०२४पासून पीएच.डी.चा प्रवेशही नेटवर आलाय. नेटमध्ये वरचे मार्क पडून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर फक्त मुलाखत. नाही निघाली, तर ७० टक्के नेटच्या मार्कांना आणि ३० टक्के मुलाखतीला. मुलाखतीत समोरचा विचारणार, ‘काम कशावर करायचंय?’ तिथे जन्मसाल सांगणार आहेस का? आणि अमेरिकेत इंग्रजीच्या पीएच.डी.ला अर्ज करायचं मनात असेल, तर तिथे बहुतेक ठिकाणी लेखनाचा नमुना मागतातच. कुठूनही फिरून ये, पानंच लागतात.

नेट देऊ नकोस असं नाही. शेवटच्या वर्षाला असताना बसता येतं, बस. निगेटिव्ह मार्किंग नाही. जेआरएफ निघाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि नातेवाइकांची तोंडं बंद होतात, हा फायदा लहान नाही. सेट पुणे विद्यापीठ घेतं. तिच्यात फेलोशिप नाही, पण राज्यातल्या कॉलेजांना चालते, तीही दे. फक्त सेट निघाली की नोकरी लागली, असं कोणी सांगितलं असेल तर त्याला आमच्या स्टाफरूममध्ये आणून बसव. नेट-सेट निघालेली माणसं वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेताहेत. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही. बी.एड. ज्युनिअर कॉलेजवर शिकवायची खरंच हौस असेल तर कर. ‘असलेलं बरं’ म्हणून दोन वर्षं घालवू नकोस. एमपीएससीचं मामांनी स्वतःपुरतं बघावं.

पानांकडे येते. एम.ए.च्या नवीन रचनेत तिसऱ्या सेमला चार आणि चौथ्याला सहा क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट आहे. म्हणजे तुझी वीस पानं विद्यापीठानेच मागितली आहेत, मार्कही देणार आहे! आणि मुलं काय करतात? झेरॉक्सच्या दुकानातून गेल्या वर्षीचा प्रोजेक्ट उचलतात, पहिलं पान बदलतात, स्पायरल मारतात. एका अविवाहित मुलाच्या प्रोजेक्टमध्ये सुरुवातीच्या आभारातच पतीने दिलेल्या प्रोत्साहनाचा उल्लेख होता. मी वाचून दाखवला, वर्ग हसला, तोही हसला. मला अजून हसू येत नाही.

तू हे करणार नाहीस. पण ‘अमक्याच्या कादंबऱ्यांतील स्त्रीवाद’ असला चार गावांना पुरेल असा विषयही घेऊ नकोस. लहान घे. तुझ्या घरचा देव खंडोबा. लहानपणापासून जेजुरीच्या पायऱ्या चढत आलीस. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या कवितासंग्रहाला १९७७ साली कॉमनवेल्थ पोएट्री प्राइज मिळालं. इंग्रजी कविता, पण आपल्या गडावरची. त्यातली एकच घे, बाहीला धरून पन्नास पैसे मागणाऱ्या म्हातारीची. तिथे कोण कोणाकडे बघतंय? तुझ्या आजीला ही बाई कशी दिसली असती? बाहेरच्या अभ्यासकाला हे सुचायला वेळ लागेल, तुला आतून ठाऊक आहे. एका कवितेवर वीस पानं होतात का, हे विचारू नकोस. होतात. आधी आठ भिकार होतील, ती फाड.

मी आयुष्यभर वर्गात नोट्स डिक्टेट केल्या नाहीत. दर आठवड्याला एक पान लिहून आणायला लावायचे आणि लाल पेनने रंगवून परत द्यायचे. निकाल शेजारच्या कॉलेजपेक्षा खाली लागायचा. पालक तक्रार घेऊन आले, वरून मेमो आला. तुमच्यामुळे ॲडमिशन कमी होतात, असंही तोंडावर ऐकवलं. त्या सगळ्यात माझी पीएच.डी. राहिली, प्रमोशन राहिलं. राहिलं तर राहिलं. त्या मुलांतली काही आज भाषांतरं करतात, एक वर्तमानपत्रात आहे, त्यांची वाक्यं सरळ उभी राहतात. डिक्टेशन घेतलेल्यांचं काय झालं ते त्यांनाच विचार. हे मी तुला का सांगतेय कोण जाणे, तुझा प्रश्न वेगळाच होता.

तर रविवारपर्यंत त्या म्हातारीवर दोन पानं लिहून पाठव. समीक्षेचं एकही पुस्तक न उघडता, नुसती कविता समोर ठेवून. हाताने लिहिलीस तरी चालेल, फक्त फोटो सरळ काढ, मागच्या वेळी अर्ध्या ओळी कापल्या गेल्या होत्या. सेटच्या फॉर्मचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मॅडम