हॅम कॉन्टेस्टसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त संपर्क करायच्या हौशी रेडिओवाल्यांच्या स्पर्धेसाठी, संपर्कांची नोंद (लॉग) ठेवणारं कोणतं लॉगिंग सॉफ्टवेअर घ्यावं? विकतचं घेतलं तर लॉगमधल्या चुका कमी होतात का?

विंडोज असेल तर एन१एमएम लॉगर प्लस घ्या. फुकट आहे, सगळ्या मोठ्या कॉन्टेस्ट त्यात आधीच बसवलेल्या आहेत, आणि अडलात तर सांगणारे ढिगाने सापडतात. डीएक्सलॉगही फुकट आणि चांगलं. विन-टेस्ट, राइटलॉग वाईट नाहीत, पण पहिल्याच सीक्यू वर्ल्डवाईडला (जगभरची मोठी कॉन्टेस्ट) त्यांच्यावर पैसे घालायची काही गरज नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. नाही, विकतच्याने चुका कमी होत नाहीत. आमच्या टीममध्ये एक दादा आहेत, लायसन्स माझ्याआधी कितीतरी वर्षांचं, सीडब्ल्यूचा, म्हणजे मोर्सचा, हात असा की ऐकत राहावं. एका वर्ल्डवाईड सीडब्ल्यूला रात्री ते रन करत होते, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर हाका मारून येणाऱ्यांना उत्तरं देत होते, आणि मी शेजारी दुसरा हेडफोन लावून बसलो होतो. डब्ल्यू६ ने सुरू होणारा एक कॉल (स्टेशनचं ओळखनाव) आला. कॉल टाईप होताच झोनच्या चौकोनात (वर्ल्डवाईडमध्ये समोरचा आपल्या भागाचा झोन क्रमांक पाठवतो, तो ऐकून लिहायचा असतो) ३ उमटला, कारण सहा म्हणजे कॅलिफोर्निया असं सॉफ्टवेअरने गृहीत धरलं. समोरच्याने मात्र स्वच्छ पाच डिट (मोर्सचे आखूड ठोके), म्हणजे ५, पाठवले. तीनमध्ये शेवटी दोन डा (लांब ठोके) असतात, गल्लत व्हायला जागाच नाही. मी म्हटलं, "दादा, पाच पाठवलाय." ते म्हणाले, "अरे, सिक्स आहे तो. सॉफ्टवेअरला कळतं. ताशी संपर्कांचा रेट पडतोय, बोलू नकोस." आणि एंटर.

अमेरिकेत माणूस पश्चिमेकडून पूर्वेला, म्हणजे झोन पाचात, राहायला गेला तरी जुना कॉल ठेवू शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. चौकोन भरलेला दिसला की कान ऐकायचं सोडून देतो, एवढंच. त्या रात्री असे किती एंटर पडले देव जाणे. पुढे लॉग तपासणीचा अहवाल आला तेव्हा चुकीच्या झोनचे संपर्क ओळीने लागले होते, सगळ्यांचे गुण गेलेले. त्यावर दादांचं म्हणणं काय? फुकटच्या सॉफ्टवेअरचा डेटा जुना असतो, पुढच्या वेळी विकतचं घेऊ! अहो, आपोआप झोन भरायची सोय जवळपास सगळ्यांतच असते, आणि भरलेला आकडा खोडून ऐकलेला टाईप करायला कुठलंच सॉफ्टवेअर अडवत नाही.

सुपर चेक पार्शलचंही तेच. ती यादी म्हणजे आधीच्या लॉगमध्ये दिसलेले कॉल. तुम्ही अर्धा कॉल टाईप केलात की ती जुळणारे कॉल दाखवते. हवेत आत्ता कोण आहे हे तिला ठाऊक नसतं. मोर्समध्ये एच हे अक्षर म्हणजे चार डिट, ५ हा आकडा म्हणजे पाच डिट, घाईत एकाचं दुसरं ऐकू येतं. शंका आली तर एक प्रश्नचिन्ह पाठवा, दोन सेकंद जातात. यादीवर भरवसा टाकून चुकीचा कॉल घेतलात तर वर्ल्डवाईडमध्ये तो संपर्क तर जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण कापले जातात. कॉल हिस्टरी, म्हणजे जुन्या नोंदींवरून समोरच्याची माहिती आपोआप भरणारी फाईल, तर पहिलं वर्षभर बंदच ठेवा, माझं स्पष्ट मत आहे.

मग निवडायचं कशावरून? तुमच्या रिगशी (रेडिओशी) ते नीट बोलतं का आणि मोर्सचे मेसेज न चुकता, न अडखळता पाठवतं का, एवढं बघा. एंटर दाबला की पुढचा योग्य मेसेज आपोआप जाण्याची सोय, म्हणजे ईएसएम, पहिल्या दिवसापासून वापरा. सराव सीडब्ल्यूऑप्स या मोर्स क्लबच्या सीडब्ल्यूटी नावाच्या एक तासाच्या छोट्या कॉन्टेस्टमध्ये करा. मोठ्या कॉन्टेस्टच्या आदल्या रात्री नवीन सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला माझ्याकडून सहानुभूती नाही. पूर्ण पॉवरवर ट्रान्समिट करूनही बघा, कारण युएसबीत आरएफ (ट्रान्समीटरच्या रेडिओ लहरी) शिरलं की कीबोर्ड गोठतो आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.

हे सगळं विंडोज धरून लिहिलंय. मॅकवर रमलॉगएनजी आणि लिनक्सवर टीएलएफ आहे, पण मी स्वतः त्यांवर मोठी कॉन्टेस्ट खेळलेलो नाही. आणि आपोआप झोन भरणं मुळातच वाईट असंही नाही. थकलेल्या बोटांना मदत होते, फक्त एंटरच्या आधी कानाने होकार द्यायला हवा.

सीक्यू वर्ल्डवाईड संपल्यावर कॅब्रिलो फाईल (लॉग पाठवायचा ठराविक फॉरमॅट) पाच दिवसांच्या आत पाठवायची असते. पाठवण्यापूर्वी लॉग "साफ" करत बसून डुप (त्याच बँडवर त्याच स्टेशनशी दुसऱ्यांदा झालेले संपर्क) खोडू नका. डुपला गुण नाहीत तसा दंडही नाही, आणि पहिल्या वेळी समोरच्याने तुमचा कॉल चुकीचा घेतला असेल तर तो दुसरा संपर्कच तुम्हाला तारतो. दादा खोडायचे. म्हणे, लॉग नीटनेटका दिसतो.