पेनड्राइव्हवरचं गिट

प्रश्न: मी पुण्यात प्रोग्रामर आहे. टीमचा कोड गिटहबवर, म्हणजे गिटचा कोड ठेवायच्या ऑनलाइन सर्व्हरवर असतो. शनिवार-रविवार वेल्ह्याकडे गावी जातो, तिथे घरात रेंज येत नाही. म्हणून शुक्रवारी अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो, घरच्या लॅपटॉपवर काम करतो आणि सोमवारी ऑफिसच्या पीसीवर परत टाकतो. परवा कॉपी घेतल्यानंतर केलेलं शुक्रवारचं काम त्यात पुसलं गेलं. काय करू?

उत्तर: फोल्डर कॉपी करणं आधी बंद करा. लिनस टोरवाल्ड्सनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, ते प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास राहील अशाच बेताने. त्याला सर्व्हरच हवा असं नाही. तुमचा पेनड्राइव्हसुद्धा रिमोट, म्हणजे बदल पाठवायचं-आणायचं ठिकाण होतो.

पेनड्राइव्हवर ‘गिट इनिट’ ही रिपॉझिटरी (गिटचा साठा) तयार करणारी आज्ञा चालवा, पण ‘बेअर’ हा पर्याय लावून. त्यात नुसता इतिहास राहतो, कामाच्या फाइली नसतात. साधी रिपॉझिटरी केलीत, तर तिथे चालू असलेल्या ब्रँचवरचा (कामाच्या शाखेवरचा) पुश, म्हणजे बदल पाठवणं, गिट नाकारतं. मग दोन्ही मशीनवर ‘गिट रिमोट ॲड’ने या बेअर रिपॉझिटरीला ‘पेन’ नाव द्या.

‘ओरिजिन’चा, म्हणजे टीमच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या रिमोटचा पत्ता मात्र बदलू नका. मी तेच करायचे. घरी जाताना ओरिजिन पेनड्राइव्हकडे वळवायचं, आल्यावर पुन्हा सर्व्हरकडे. एका सोमवारी वळवायचं राहिलं. दिवसभर पुश करत होते, एकही एरर नाही. संध्याकाळी सहकारी म्हणाली, ‘ताई, तुझं काहीच आलं नाही गं.’ सगळं पेनड्राइव्हवर जात होतं! तेव्हापासून रिमोट दोन, नावं दोन. पुश करताना नाव टाइप करतेच.

शुक्रवारी निघताना ‘पेन’वर पुश, घरी पोचल्यावर त्यावरून पुल (बदल आणून आपल्या कामात मिसळणं). रविवारी रात्री कमिट करून (बदलांची नोंद करून) परत ‘पेन’वर पुश. सोमवारी ऑफिसात दोन्हीकडून फेच करा, म्हणजे बदल नुसते आणा, मिसळू नका. फेचने तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, म्हणून ‘गिट लॉग’मध्ये टीमने काय केलंय ते निवांत बघता येतं. मग मर्ज करा (दोन्ही बदल एकत्र करा) आणि ओरिजिनवर पुश. इथे रिबेस, म्हणजे आपले कमिट दुसऱ्यांच्या कमिटवर नव्याने रचणं, टाळा. रिबेसने कमिटचे आयडी बदलतात, आणि जुने कमिट पेनड्राइव्हवर व घरच्या लॅपटॉपवर तसेच असतात. पुढच्या शुक्रवारी ‘पेन’ तुमचा पुश घेणार नाही.

कंपनीचा कोड खिशातून नेताय, तेव्हा साहेबांची परवानगी घ्या आणि पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करा. एसटीत राहिला तर निदान कोड कुणाच्या हाती लागणार नाही.